उंदरांचं सोयर

"अहो, घंटा वाजवू नका," आई गॅलरीतून ओरडली. "सोयर आलंय."

बाबा देवासमोर पाटावर बसले होते. अंगावर कद, एका हातात पळी, दुसऱ्या हातात घंटा. त्यांनी घंटेचा लोलक बोटानं धरला. पूजेत बाबा कोणाशीही बोलत नसत, पण सोयर म्हटल्यावर विचारणं भाग होतं. घरात मूल जन्मलं की सोयर. मग दहा दिवस देवांना हात लावायचा नाही.

"कोणाकडे?"

"आपल्याकडे."

"आपल्याकडे कोण बाळंत झालं?"

"पांढरी. सात झाले."

बाबा थोडा वेळ आमच्या बाळकृष्णाकडे बघत राहिले. त्याला काही माहीत आहे का ते तपासत असावेत.

"उंदीर," ते म्हणाले.

"हो. पण घरातच झाले ना. कोणाच्या छपरात नाही झाले."

मी दारात दात घासत उभा होतो. एकोणीस वर्षांचा होतो, इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो आणि घरातल्या उंदरांचा अधिकृत मालक होतो. त्यामुळे बाबांची मान माझ्याकडे वळली तेव्हा मी फेस गिळला.

"निमिष, उंदरांना सोयर असतं का?"

"अभ्यासक्रमात नाही, बाबा."

उंदीर सुशीलसाठी आणले होते. सुशील म्हणजे ताईचा अजगर. आफ्रिकेकडच्या जातीचा, हातभर लांब, रीतसर कागदपत्रं असलेला, आणि घाबरला की स्वतःचा चेंडू करून त्यात तोंड लपवणारा. ताईला तो बिजूनं वाढदिवसाला दिला होता. बिजू तेव्हा नुसता मित्र होता. ताई कॉलेजला गेल्यापासून आमच्याकडे स्थळांची चर्चा चालायची आणि तिची सुरुवात कायम "मुलगा सुशील हवा" अशी व्हायची. ताईनं अजगर जेवणाच्या टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "घ्या. आणला."

खरा जावई वर्षभरानं आला. तोही बिजूच. पालक्काडचा, कोंबड्यांच्या कंपनीत जनावरांचा डॉक्टर. ताईनं रजिस्टर लग्न केलं. त्याची नोटीस महिनाभर बोर्डावर लागते. आमच्या साताऱ्यात ते नोंदणी कार्यालय बाबांच्या कचेरीच्याच इमारतीत, तळमजल्यावर होतं आणि बोर्ड पिण्याच्या पाण्याच्या नळावर. बाबा वजनमापे निरीक्षक. भाजीवाल्याच्या काट्याला खालून चुंबक लावलेला असला तर त्यांना रस्त्याच्या पलीकडून कळायचं. पण तो महिनाभर ते रोज लेकीच्या नावाखाली उभे राहून पाणी प्यायले आणि त्यांनी एकदाही मान वर केली नाही. शिपायानं नोटीस वाचली, टायपिस्ट बाईंनी वाचली, पलीकडच्या चहावाल्यानंसुद्धा वाचली. कोणी काही बोललं नाही. साहेबांना माहीत असणारच, असं सगळ्यांना वाटलं.

जावई मल्याळी आहे, ख्रिश्चन आहे, याचं बाबांना किती लागलं ते मला कधीच कळलं नाही. पाण्याचं मात्र फार लागलं.

मग घरात ताईचं नाव निघायचं बंद झालं. बाबांनी आईला देवावर हात ठेवायला लावला: मी बोलत नाही तोवर तूही तिच्याशी बोलायचं नाहीस. आईनं ठेवला. तिचा अंदाज होता की आठवडाभराचा प्रश्न आहे. शपथ माझ्याकडून घ्यायची राहून गेली. मला कोणी मोजत नसे, त्याचा हा एक फायदा.

ताई पालक्काडला गेली, सुशील राहिला. रेल्वेत अजगर नेऊ देत नाहीत. त्याला लागणारे गोठवलेले उंदीर पुण्याहून एक दुकानदार एसटीच्या पार्सलनं पाठवायचा. एकदा उन्हाळ्यात बस खंबाटकी घाटात बंद पडली. पार्सल उघडून बघितल्यावर कंडक्टरनं डेपोत जे सांगितलं, त्यानंतर आमच्या नावाचं काहीच कोणी घेईना. मावशीनं पाठवलेला चितळ्यांचा चिवडा त्यांनी हुंगून परत केला. शेवटी दुकानदारानं एक नर, तीन माद्या माझ्या हातात ठेवल्या आणि म्हणाला, "घरीच करा की. फार काही करावं लागत नाही. ते स्वतःच करतात."

त्याच आठवड्यात ताईचा फोन आला की तिला दिवस गेलेत. मी ते स्वयंपाकघरात जाऊन आईला हळूच सांगितलं. आईनं गॅस बंद केला. मग परत लावला.

"पहिलं बाळंतपण माहेरी असतं," ती कढईला म्हणाली.

तर, सोयर. बाबांनी कदात बसूनच गंगाधर गुरुजींना फोन लावला. गुरुजींना ऐकू कमी यायचं म्हणून फोन स्पीकरवर असायचा.

"गुरुजी, परचुरे बोलतोय. घरात जन्म झालाय. सोयर पाळायचं का?"

"अरे वा! अभिनंदन! ऋजुता का?"

घरात जवळजवळ वर्षानं ताईचं नाव मोठ्यानं उच्चारलं गेलं, आणि तेही स्पीकरवर. आई ओट्याला टेकून उभी राहिली.

"नाही," बाबा म्हणाले. "उंदीर."

"कोण?"

"उंदीर, गुरुजी. पाळीव."

पलीकडे बराच वेळ फक्त पंख्याचा आवाज आला. "परचुरेसाहेब, सोयर गोत्राला लागतं. तुम्ही त्यांना दत्तक वगैरे घेतलंय का?"

"नाही."

"मग घंटा वाजवा."

बाबांनी घंटा वाजवली. एरवीपेक्षा जास्त वेळ वाजवली. आई शांतपणे म्हणाली, "वाजवा. पण मला सोयर आहे. मी नैवेद्य करणार नाही."

आणि तिनं केला नाही. बाबांना वरणभातसुद्धा जमत नसे, म्हणून देवांना दहा दिवस साखर मिळाली. दहा दिवस सरले त्याच सुमाराला दुसरी मादी व्याली. मग तिसरी. मग पुन्हा पांढरी. उंदरांचा कारखाना दर तीन आठवड्यांनी माल काढतो, आणि आमच्याकडे तीन पाळ्या चालू होत्या. आमचे देव त्या वर्षी साखरेवर जगले.

गॅलरीत प्लास्टिकचे मोठे टब होते, वर जाळी, आत सुताराकडचा भुसा. मी ज्वारी आणि शिळी पोळी घालत होतो. सोयर लागल्यापासून ते खातं आईनं घेतलं. व्यालेल्या मादीला तुपातली मेथी, अळिवाची खीर, डिंकाच्या लाडवाचा चुरा.

"आई, ते लाडू खातात?"

"खाते की. बघ कशी दोन्ही हातांनी धरून खाते. हिला लहानपणापासून डिंक आवडतो."

पांढरी मादी मी पुण्याहून मोठीच आणली होती. तिच्या लहानपणाबद्दल आम्हाला काहीही माहिती नव्हती. सुशील हा महाराष्ट्रातला एकमेव अजगर असावा, ज्याच्या पोटात शेवटी डिंक, मेथी आणि अळीव जात होते. त्याची कांती सुधारली.

सुशीलच्या जेवणाच्या दिवशी आई मारुतीला जायची. परत आली की चपला काढता काढता विचारायची, "जेवला का?"

"जेवला."

"कुठला?"

"आई, मी नावं नाही ठेवलेली."

"बरं केलंस." मग थोडं थांबून, "मोठी झाली की जातातच. आपल्याला कुठे विचारून जातात."

बाबा यात पडले ते काट्यामुळे. अजगराला त्याच्या वजनाच्या हिशोबात उंदीर द्यावा लागतो, म्हणून मी स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर उंदीर मोजत होतो. बाबा मागून आले.

"या काट्यावर शिक्का आहे का?"

"बाबा, उंदीर तक्रार करणार नाहीत."

"तोच तर प्रश्न आहे. जो तक्रार करू शकत नाही त्याच्यासाठीच शिक्का असतो."

त्यांनी कपाटातून स्वतःचा पितळी तराजू काढला. एका पारड्यात वजनं, दुसऱ्यात उंदीर. उंदीर पारड्यात बसून मिशा पुसत राहिला आणि बाबा श्वास रोखून काट्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "आता त्याला आण. त्यालाही बघू."

सुशीलला पिशवीत घालण्याआधीच तो माझ्या हातावरून बाबांच्या मनगटावर गेला, दोन वेढे घातले आणि तोंड बाबांच्या बाहीत सारून स्वस्थ राहिला. मला वाटलं आता बाबा ओरडतील. ते हललेच नाहीत.

"गार आहे," ते म्हणाले.

"हो."

"असं बाहीत तोंड घालायला याला कोणी शिकवलं?"

"ताई अभ्यास करताना त्याला असाच—"

बाबांनी एकेक वेढा सोडवला, हळूच, आणि तो माझ्या हातात दिला. वजन करायचं राहूनच गेलं. दुसऱ्या दिवशी त्यांच्या शर्टाच्या त्या बाहीचं बटण आईला तुटलेलं दिसलं. बाबा म्हणाले, असू दे, घाई नाही.

ताईचा फोन संध्याकाळी यायचा, बाबा फिरायला गेले की. मी गॅलरीत भुसा बदलत असे म्हणून फोन स्पीकरवर टाकून कठड्यावर ठेवायचो. आई तिथेच पाटावर बसून पांढरीला भरवत असायची. आईच्या मते यात शपथ मोडत नव्हती. कान देवावर ठेवले नव्हते.

"आई आहे का तिथे?" ताईनं एकदा विचारलं.

"आहे. पण बोलणार नाही."

"माहितीये." पालक्काडकडचे कावळे आमच्या गॅलरीत ओरडत होते. "नुसतं सांग तिला, माझ्या पायांना सूज आलीय. इथे सगळे म्हणतात चालतं. पण मला भीती वाटते रे."

मी आईकडे बघितलं. आईनं पांढरीला तळहातावर उचललं, तिच्या तोंडाजवळ तोंड नेलं आणि एकदम खणखणीत आवाजात म्हणाली, "पाय लोंबकळत ठेवून बसू नकोस गं. उशी घे पायाखाली. मीठ कमी कर. आणि डॉक्टरला दाखव, चालतं म्हणणाऱ्या बायकांचं ऐकू नकोस."

पांढरीनं मिशा हलवल्या. फोनमधून हुंदका की हसणं, काहीतरी आलं.

"निमिष, सुशील आहे का जवळ?"

"आत आहे. झोपलाय."

"त्याला आण."

मी सुशीलला आणून फोनशेजारी ठेवला. त्यानं लगेच चेंडू केला.

"सुशील," ताई म्हणाली, "सूज सकाळी उतरते, संध्याकाळी परत येते. आणि रात्री झोप लागत नाही. कुशीवर झोपलं की पोटात लाथा मारतं."

"डाव्या कुशीवर झोप," आई उंदराला म्हणाली. "तूसुद्धा मारायचीस."

"सुशील, इथे सगळ्यात खोबरं घालतात. कंटाळा आलाय. मला घरचं पिठलं हवंय."

आई उठून आत गेली. बराच वेळ आली नाही. मी अजगर आणि उंदीर यांच्या मधोमध बसून राहिलो. ते दोघं जेवणाच्या नात्याचे. त्यांना त्या दिवशी तरी एकमेकांशी बोलण्यासारखं काही नव्हतं. आई परतली तेव्हा तिच्या हातात बशी होती, आणि बशीत पिठलं.

"खा," ती पांढरीला म्हणाली, आणि रडायला लागली. पांढरीनं खाल्लं नाही. मी खाल्लं. कोणीतरी खायला हवं होतं.

तेव्हापासून असंच चालू झालं. संध्याकाळ झाली की आई उंदराशी बोलायची, ताई अजगराशी, आणि मी दोन्ही टोकांचा भुसा बदलायचो. एकदा बाबा लवकर आले. चपला दाराबाहेरच काढून ते हॉलमध्ये उभे होते. आई पांढरीला सांगत होती की आता जड काही उचलू नकोस, सातवा लागला. मी वळून बघितलं तेव्हा बाबांनी ओठांवर बोट ठेवलं, चपला पुन्हा घातल्या आणि आणखी एक फेरी मारायला निघून गेले. त्या दिवसापासून त्यांचं फिरणं वाढलं. डॉक्टरनं सांगितलंय म्हणाले. डॉक्टर कोण ते विचारल्यावर म्हणाले, आहे एक.

एवढ्यात गॅलरीतली लोकसंख्या हाताबाहेर गेली. सुशील थंडीत जेवणं सोडतो आणि उंदीर थंडीत काहीच सोडत नाहीत. एका रविवारी बाबा शर्टाच्या बाह्या दुमडून आले.

"नर एकीकडे, माद्या एकीकडे. आजच."

"बाबा, लहानांमध्ये ओळखायला येत नाही."

"मला येईल."

वजनांवरचे बारीक शिक्के तपासायचं त्यांचं भिंग होतं. ते डोळ्याला लावून बाबांनी दुपारभर एकेक उंदीर शेपटीनं उचलून उलटा बघितला आणि निकाल दिला. नर. मादी. मादी. नर. एकाला त्यांनी दोनदा बघितलं आणि "संशयित" म्हणून वेगळ्या डब्यात ठेवलं. वर त्यांनी स्वतः दोन टबांच्या जाळ्यांना तारा पिळल्या. बाबांनी पिळलेली तार पक्कडीशिवाय सुटत नाही. काही दिवसांनी पोटात असलेलं शेवटचं वेत झालं, आईचं शेवटचं सोयर झालं, आणि मग गॅलरीत शांतता. दीड महिना कोणी बाळंत झालं नाही. देवांना वरणभात मिळायला लागला. मला वाटलं, विषय संपला.

आणि एका सकाळी मी झोपेतून उठलो तोच तो आवाज आला. ओरडून नव्हता या वेळी.

"अहो. घंटा वाजवू नका."

मी बाहेर आलो. बाबा पाटावर, कदात, हातात घंटा. आई गॅलरीच्या उंबऱ्यात. तिनं पदर खोचलेला नव्हता, केस तसेच सुटे होते.

"सोयर आलंय," ती म्हणाली.

"कसं येईल?" मीच बोललो. "आई, नर तर केव्हाचे वेगळे आहेत. बाबांनी तारा—"

मी तिला ओलांडून गॅलरीत गेलो. टब बघितले. तारा जागच्या जागी होत्या. माद्या भुशात एकमेकींवर झोपलेल्या. सगळ्या सडपातळ. एकही पिल्लू नाही. मी संशयिताचा डबासुद्धा उघडून बघितला. तो एकटा होता आणि त्याचं त्याला वाईट वाटत नव्हतं.

"आई, इथे काहीच—"

मग मला कठड्यावर माझा फोन दिसला. रात्री मी तो उशाशी ठेवला होता. मी तो उचलला. गरम होता. पहाटेचा एक कॉल, बिजूच्या नंबरवरून, आणि कॉल घेतलेला होता. बिजूला मराठी येत नव्हतं आणि आईला बोलायचं नव्हतं. तरी तो कॉल बराच वेळ चालला होता.

मी तोंड मिटलं. माझ्या आयुष्यात मी ते वेळेवर मिटल्याचे प्रसंग कमी आहेत.

बाबा पाटावरून उठले. पूजा सुरू करून मध्येच उठलेले बाबा मी त्याआधी बघितले नव्हते. कद सावरत ते गॅलरीत आले, माझ्या शेजारी वाकले आणि टबात बघू लागले. तारा त्यांनी स्वतः पिळल्या होत्या. एकेक उंदीर त्यांनी स्वतः उलटा केला होता. ते बघत राहिले, बघत राहिले.

"कुठे झालं?" त्यांनी विचारलं.

"तिथे. कोपऱ्यात," आई म्हणाली.

कोपऱ्यात पाण्याची बाटली होती.

"काय झालं?"

"मुलगी."

"एकच?"

"एकच."

बाबांनी जाळीवर हात ठेवला. जाळी वाजली आणि माद्या जाग्या झाल्या. त्यांनी हात काढून घेतला.

"आणि ती?"

"बरी आहे. टाके पडलेत. ताप नाही."

उंदरांना टाके पडत नाहीत. हे आम्हा तिघांनाही माहीत होतं.

खालून दूधवाल्यानं हाक मारली. कोणी ओ दिली नाही. बाबा कठड्याला पाठ टेकून उभे राहिले, आणि मग जिल्ह्यातल्या दुकानदारांना नियम सांगायच्या त्यांच्या आवाजात बोलायला लागले.

"लेकीचं मूल सासरी झालं तर आपल्याला सोयर नसतं."

"माहितीये मला," आई म्हणाली.

"शास्त्रच आहे तसं. मी काही मनाचं सांगत नाही."

"नाही म्हणतेय का मी?"

"पूजा करायला हरकत नाही."

"करा."

बाबा जागचे हलले नाहीत. आईही हलली नाही. मला दोघांच्या मधून आत जायचं होतं पण त्यासाठी कोणालातरी सरकवावं लागलं असतं.

"आणि माहेरी झालं तर?" आईनं विचारलं.

बाबांनी तिच्याकडे बघितलं. "माहेरी झालं तर आईबापांना तीन दिवस."

"मी तुम्हाला सांगतेय ना मगापासून," आई म्हणाली. "इथेच झालं. आपल्याच घरात झालं. मी होते इथे. मी हलले नाही."

बाबा आत गेले. मी त्यांच्या मागून गेलो. त्यांनी बाळकृष्णापुढची पळी उचलली, पुसली, तबकात ठेवली. फुलं परडीत परत भरली. मग देव्हाऱ्याचा पडदा ओढला, नीट, दोन्ही टोकांना फट राहणार नाही असा, आणि घंटा पडद्याबाहेर ठेवली.

"तीन दिवस," ते म्हणाले.

कद सोडून रोजचा लेंगा घालून ते बाहेर आले आणि पूजेच्या वेळात काय करायचं हे त्यांना कळेना. तीस वर्षांत तो वेळ मोकळा पडला नव्हता. पहिल्या दिवशी त्यांनी तो हॉलच्या मधोमध उभं राहून काढला. दुसऱ्या दिवशी तराजू पुसला. तिसऱ्या दिवशी पाट उचलून गॅलरीत नेला आणि पांढरीच्या टबासमोर मांडी घालून बसले. मला म्हणाले, "फोन कठड्यावर ठेवतोस ना तू? ठेव."

"चालू करून?"

"बंद फोन कशाला ठेवतोस?"

मी पालक्काड लावलं, स्पीकरवर टाकलं आणि बाजूला झालो. ताईनं उचलला. "हॅलो? निमिष?" मागे अगदी बारीक रडणं ऐकू येत होतं. उंदरांच्या पिल्लांपेक्षा थोडंच मोठं.

बाबांनी घसा साफ केला. तो आवाज ओळखून ताई एकदम गप्प झाली. पोरगीही गप्प झाली, योगायोगानं.

बाबा जाळीवर वाकले. पांढरी मागच्या पायांवर उभी राहून त्यांच्याकडे बघत होती. तिला वाटत होतं लाडू आला.

"काय गं," बाबा तिला म्हणाले, "नाव काय ठेवणार मुलीचं?"

आई स्वयंपाकघरात होती. तिच्या हातातली पोळी तव्यावर करपायला लागल्याचा वास आला, पण ती हलली नसावी.

ताई म्हणाली, "सुशील, बाबांना विचार ना, काय ठेवू?"

सुशील आत त्याच्या पेटीत होता. बाबांनी माझ्याकडे बघितलं, मी आत जाऊन त्याला विचारून यावं अशी त्यांची खरंच अपेक्षा आहे की काय कळेना. त्यांचा चष्मा पाण्यानं भरला होता आणि तो काढून पुसायचं त्यांना सुचत नव्हतं.

"त्याला सांग," ते म्हणाले, "विचार करून सांगतो."

बाबांचा विचार करणं म्हणजे वजनमाप खात्याचं काम. त्यांनी पंचांग काढलं, नक्षत्र बघितलं, अक्षर बघितलं, मल्याळी माणसाला उच्चारता येईल का तेही बघितलं. आणखी जरा बघू म्हणत महिना घालवला. तोवर तिकडे बिजूच्या आईनं चर्चमध्ये नाव ठेवून टाकलं. ते कळल्यावर बाबा म्हणाले, छान आहे.

ताई नंतर यायला लागली. आता तर दर उन्हाळ्यात येते आणि मुलगी दहा वर्षांची आहे. बाबा तिला तिच्या नावानं हाक मारत नाहीत. "अगं ए" म्हणतात, आणि ती कुठूनही पळत येते. तेव्हा तुम्ही कुठलं नाव ठरवलं होतं, असं मी त्यांना एकदा विचारलं. ती गॅलरीत खेळत होती. बाबा तिच्याकडे बघत बसले होते.

"ठरवलं होतं," ते म्हणाले, आणि त्यांनी मला ते सांगितलं नाही.